मनकर्णाबाईचा आवाज डब्लिनला जातो

मार्च संपत आला होता. उस्मानपुऱ्यातल्या घराच्या गच्चीवर सखाराम कूलरचा पंप खोलून बसला होता आणि खाली मनकर्णाबाई फोनवर लेकीशी बोलत होती. बोलत कसली, ऐकतच होती. विशाखा इतकी भरभर बोलत होती की मधे 'हूं' म्हणायलाही फट सापडत नव्हती. शेवटी मनकर्णाबाईनं जिन्यातूनच हाक दिली.

"अहो, खाली या. हिचं काय चाललंय मला उमगंना. गाण्याचं कायतरी म्हणतीय."

गाण्याचं म्हटल्यावर सखाराम हातात पाना घेऊनच खाली आला.

विशाखा ही त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षांपासून आयर्लंडात, डब्लिनच्या एका इस्पितळात नर्स. तिकडं गेलेली आपली माणसं दरवर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती करायची. कुणाच्या तरी घरी फोटो, मेणबत्त्या, वंदना, भाषण, जेवण. यंदा मात्र त्यांनी चांगलं मोठं सभागृह घेतलं होतं. आणि विशाखाच्या इस्पितळात दर बुधवारी ड्युटी संपल्यावर एकत्र गाणारी पंचवीस माणसं होती. आयरिश होती, फिलिपिनो होती, केरळच्या नर्सा होत्या, हाडांचा एक डॉक्टर होता. ही मंडळी जयंतीला मराठी गाणी म्हणणार होती. आणि गाणी कुणाची, तर मनकर्णाबाईची.

झालं होतं असं, की विशाखानं एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचं गाणं त्यांना फोनवर ऐकवलं. सखारामनं कंप्युटरच्या स्पीकरपुढं फोन धरून भरलेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं. गाणं सगळ्यांना आवडलं, पण त्यांची म्होरकी बाई म्हणाली की ही बाई विहिरीत उतरून गातेय असं वाटतं. अस्सल रेकॉर्डिंग मिळेल का? आणि शक्य असेल तर गाणारीचा आवाज वेगळा, वाद्यं वेगळी, म्हणजे आम्हाला नुसत्या आवाजावर चाल बसवता येईल.

"बाबा, तसं सुटं सुटं आहे का आपल्याकडं?" विशाखानं विचारलं.

सखारामनं पाना खाली ठेवला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो एकोणीस वर्षं थांबला होता.

"हाय," तो म्हणाला. "समदं हाय."

सखाराम मूळचा देवगाव रंगारीचा. बाप लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, त्यामुळं कान लहानपणापासूनच तयार. आयटीआय करून तो एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला आणि चौतीस वर्षं त्यानं बसगाड्यांच्या वायरी सांभाळल्या. गाडी गेटातून आत येताना नुसता हॉर्न ऐकून तो सांगायचा की हिची बॅटरी उतरलीय का कुठं वायर सैल झालीय. ड्रायव्हर लोक मुद्दाम पैजा लावायचे आणि चहा पाजून जायचे. संध्याकाळी मात्र सखारामच्या हातात पेटी यायची. गायन पार्टी होती, आणि एप्रिल उजाडला की वेरूळपासून कन्नडपर्यंत गावोगावची आमंत्रणं असायची.

अशाच एका गावात मनकर्णा भेटली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, दुसऱ्या पार्टीची गायिका. तिचा पेटीवाला तापानं फणफणला म्हणून ऐनवेळी सखारामला तिच्यामागं बसवलं. गाणं संपल्यावर सगळ्यांदेखत ती त्याला म्हणाली की तुमचा हात बरा आहे, पण तुम्ही माझ्या मागनं चालता, जरा सोबत चाला. लोक हसले. सखारामला राग यायला हवा होता, पण तो पुढचा महिनाभर पेटीवर तेवढंच एक गाणं घोटत बसला. वर्षभरानं त्यांचं लग्न झालं आणि दोन पार्ट्यांची एक पार्टी झाली. ढोलकीला त्याचा गावाकडचा मित्र सोमनाथ होताच.

मनकर्णाबाईचा आवाज काळी चारचा, म्हणजे वरच्या पट्टीतला. उघडा, खणखणीत. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचायचा. दिवसा ती शिवणकाम करायची. मशीन चालवता चालवता गाणी जुळवायची. पण पुढं घसा दुखायला लागला, आवाज मधेच फाटायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर आवाज होता तसा राहील याची खात्री देता येत नाही. ऑपरेशनला दोन महिने होते. ही दोन हजार सहाची गोष्ट.

त्या दोन महिन्यांत सखाराम झपाटल्यासारखा झाला. वर्कशॉपातल्या एका साहेबाचा जुना कंप्युटर त्यानं घरी आणला, एक चांगला माइक आणला, स्वयंपाकघराच्या भिंतींना घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या टांगल्या आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. माइक एकच. सगळे एकदम बसले तर ढोलकीखाली आवाज बुडायचा. मग त्यानं एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. आधी पेटी भरायची, मग कानाला हेडफोन लावून सोमनाथनं ढोलकी वाजवायची, मग मनकर्णाबाईनं गायचं, मग खंजिरी, मग कोरसवाले. बावीस गाणी झाली. एकेका गाण्याच्या पाच सुट्या फायली आणि सगळं एकत्र केलेली सहावी, एकूण एकशे बत्तीस. गरिबीपायी केलेली ती सोय होती. आता डब्लिनवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

ऑपरेशननंतर मनकर्णाबाईचा आवाज जाड झाला, खाली उतरला. वरचे सूर गेले ते गेले. तिनं गाणं सोडून दिलं, अगदी भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा. सखारामनं त्याबद्दल कधी विषय काढला नाही. पण ती गाणी भरलेली हार्ड डिस्क त्यानं जिवापाड जपली. जाड कापडात गुंडाळून टिनाच्या डब्यात ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. मधे जुनी डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. वर्षातून एकदा डबा उघडायचा, डिस्क फिरतेय ना बघायचं आणि पुन्हा ठेवून द्यायचं.

आता तो डबा भर दुपारी उघडला गेला.

सखारामला वाटलं होतं, तासाभराचं काम. फायली मेलला जोडायच्या नि धाडून द्यायच्या. पण पहिल्याच गाण्याला मेलनं हात टेकले. एवढं ओझं उचलत नाही म्हणाला. त्यानं सगळ्यांची मिळून बेरीज पाहिली, तर साडेसहा जीबी. विशाखानं फोनवर सांगितलं, बाबा, नेटवर जागा मिळते, तिथं फायली चढवायच्या आणि मला नुसता पत्ता पाठवायचा, लिंक. मी इकडून उतरवून घेते. सखारामला ते पटलं. गाडी डेपोत नेऊन लावायची आणि चावी कुठं ठेवलीय ते दुसऱ्या ड्रायव्हरला सांगायचं, तसंच की.

त्यानं मोबाइलचं नेट कंप्युटरला जोडलं आणि चढवायला सुरुवात केली. चौथ्या गाण्यावर दिवसाचा डेटा संपला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा लावलं, तर वीज गेली. तिसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं, फक्त चढण्याचा वेग असा, की हिशेबानं जयंती उलटून बुद्धपौर्णिमा आली असती. पण सखाराम खट्टू झाला नाही. उलट त्याला जुना हुरूप आला होता, भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीखाली शिरताना यायचा तसा. जेवताना तो मनकर्णाबाईला जीबी म्हणजे काय ते समजावून सांगायचा आणि ती शांतपणे त्याच्या ताटात भाकरी वाढायची.

चौथ्या दिवशी तो डिस्क पिशवीत घालून रत्नमालाच्या दुकानात गेला. रत्नमाला म्हणजे चौकातली झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवाली, चाळिशीची, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. तिच्याकडं फायबरची लाइन होती. दुकानात प्रवेशाचे फॉर्म भरणाऱ्या आयाबायांची रांग होती. सखारामनं काम सांगितलं. रत्नमालानं चष्म्यावरून बघितलं, कोपऱ्यातला रिकामा कंप्युटर दाखवला आणि म्हणाली की काका, बसा, पण मधे माझा प्रिंटर अडवू नका.

तिनं सगळ्या फायली एका गठ्ठ्यात बांधल्या आणि गठ्ठा चढायला लावला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. सखाराम तिच्यावरून नजर हलवीना. वीस टक्के. चाळीस. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, कशाचा फॉर्म आहे एवढा लांब? त्यानं सांगितलं, फॉर्म नाही, गाणी आहेत, बायको गायलीय, आयर्लंडला चाललीत. मग काय, बातमी रांगेच्या टोकापर्यंत गेली. आत आलेली प्रत्येक बाई आपला फॉर्म द्यायच्या आधी कोपऱ्यात डोकावून विचारायची, कुठवर पोचली गाणी? सत्तर. ब्याऐंशी. चौऱ्याण्णव टक्क्यांवर पट्टी थबकली, लाल झाली आणि पडद्यावर सूचना आली की पुन्हा प्रयत्न करा.

रत्नमालानं पुन्हा लावलं. दीड तासानं पुन्हा तेच, या वेळी एकोणनव्वदवर. ती म्हणाली की मधे लाइन क्षणभर जरी तुटली, तरी सगळा गठ्ठा पहिल्यापासून.

सखाराम उठून बाहेर गेला, टपरीवर अर्धा चहा प्याला आणि चहा तसाच टाकून परत आला. वर्कशॉपात नव्या पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा. गाडीची शंभर फूट वायर एकदम तपासायला जाऊ नका. मधोमध तोडा, अर्धी बघा, मग उरलेली अर्धी. त्यानं रत्नमालाला विचारलं, "ताई, एवढा मोठा गठ्ठा कशाला बांधायचा? एका गाण्याचं एक गाठोडं करू. बावीस गाठोडी. एखादं पडलं तर तेवढंच पुन्हा उचलू."

रत्नमालानं त्याच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारला. हे तिला सुचायला हवं होतं.

त्यांनी बावीस गाठोडी बांधली. पाचवं आणि तेरावं पडलं, ती पुन्हा उचलली. संध्याकाळी सहाला शेवटचं गाठोडं चढलं तेव्हा दुकानातल्या तीन अनोळखी बायांनी टाळ्या वाजवल्या. सखारामनं लिंक पाठवली आणि लगेच फोन लावला. विशाखा म्हणाली, बाबा, उघडत नाही, परवानगी नाही म्हणतंय. सखारामनं पाठवलेली लिंक अक्षर अक्षर तपासली. रत्नमाला मात्र हसली. गाडी डेपोत लावली, चावी कुठं ठेवलीय तेही सांगितलं, पण डेपोचं गेटच बंद राहिलं होतं. तिनं दोन ठिकाणी बोट दाबून कुलूप काढलं. मिनिटभरानं तिकडून विशाखाचा आवाज आला, "उतरायला लागलं, बाबा. पहिलं गाणं आलं."

सखारामचा जीव भांड्यात पडला. घरी येताना त्यानं जिलबी आणली आणि मनकर्णाबाईला काही न सांगता तिच्यापुढं पुडा उघडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विशाखाचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. कामावर जाताना बसमध्ये तिनं हेडफोन लावून नुसत्या आईच्या आवाजाची फाइल ऐकायला घेतली होती. पेटी नाही, ढोलकी नाही, फक्त आई. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी आई म्हणत होती की थांबा, कुकरची शिट्टी होऊ द्या. मग शिट्टी झाली. मग आई म्हणाली, विशाखा, दार लोट, रिक्षाचा आवाज येतोय. आणि बारा वर्षांच्या विशाखानं विचारलं, आई, मी पाणी पिऊ का? आई म्हणाली, आत्ता नाय. मग सूर लागला. विशाखा म्हणाली की तिचा स्टॉप येऊन गेला, पुढचाही गेला, आणि ती शेवटच्या थांब्यावरून चालत कामावर आली.

एकत्र केलेल्या गाण्यांत सुरुवातीचं हे बोलणं कापलेलं होतं, म्हणून ते कधी कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मनकर्णाबाईला ते कळल्यावर ती ओशाळली. एवढ्या परक्या लोकांत कुकर कशाला, तेवढं कापून टाका म्हणाली. विशाखानं साफ नकार दिला.

पुढचे चार दिवस घरात नुसता उत्सव होता. डब्लिनहून सारखे निरोप यायचे. त्यांनी आठ गाणी निवडली. हाडांच्या डॉक्टरला ढोलकीचा ठेका सुटता सुटेना. केरळच्या नर्सांनी शब्द आपल्या लिपीत लिहून घेतले. आणि सगळ्यांनी एकमतानं शेवटचं गाणं ठरवलं, ज्या गाण्याचं फोनवरचं विहिरीतलं रेकॉर्डिंग त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं ते.

माझ्या लेकीच्या दप्तराला
निळ्या दोऱ्याची शिवण गं

हे गाणं मनकर्णाबाईनं विशाखा पहिलीत असताना जुळवलं होतं. दप्तर फाटलेलं, घरात दोरा फक्त निळा शिल्लक, आणि सकाळी शाळा. मशीनवर बसल्या बसल्या पहिल्या ओळी आल्या. पुढं गावोगावच्या जयंत्यांत लोक तेच गाणं पुन्हा मागायचे.

पाचव्या दिवशी विशाखानं जरा चाचरत सांगितलं की त्या गाण्याची आईच्या आवाजाची फाइल वाजत नाही. बाकीच्या पाचही चालतात. सखारामला वाटलं, चढवताना काही बिघडलं असेल. त्यानं डिस्क लावून पाहिलं. फाइल होती, नाव होतं, पण आत काही नव्हतं. वजन शून्य. मग त्याच्या ध्यानात आलं. जुन्या डिस्कवरून उतरवताना ती फाइल उतरलीच नव्हती, नुसतं नाव आलं होतं. त्यानं एकशे बत्तीस नावं मोजली होती, बरोबर भरली म्हणून समाधान मानलं होतं आणि जुनी डिस्क भंगारात दिली होती. दरवर्षी डबा उघडून त्यानं डिस्क फिरताना पाहिली, एकेक फाइल उघडून ऐकली नाही. सगळं एकत्र केलेलं गाणं होतं, पण त्यातून आवाज वेगळा निघत नव्हता.

त्यानं त्या नावावर पुन्हा पुन्हा क्लिक करून पाहिलं. चौतीस वर्षांत एकही गाडी न तपासता त्यानं गेटाबाहेर सोडली नव्हती. मग उठून स्वयंपाकघरात गेला. मनकर्णाबाई मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"मनकर्णा, माझ्या हातून तुझं गाणं गेलं," तो म्हणाला. "दप्तराचं."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग उरलेली मेथीची जुडी निवडून संपवली. सखारामला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं हात झटकले.

"गेलं ते गेलं. पेटी काढा."

"आत्ता?"

"मग कधी? त्या बायांनी गाणं निवडलंय. त्यांना काय सांगू, बाई हाय पण तोंड बंद ठिवलंय?"

सखारामनं पेटी काढली. काळी चारवर सूर धरला. पहिली ओळ अर्ध्यात आली आणि तिचा आवाज फाटला. ती थांबली. त्यानं सूर खाली घेतला. पुन्हा फाटला. आणखी खाली. काळी दोनवर आले तेव्हा आवाज बसला. जाड, थोडा खरखरीत, पण बसलेला. तिनं अख्खं कडवं म्हटलं. सखारामनं भाता सोडला नाही, मानही वर केली नाही. वर केली असती तर बोटं चुकली असती.

आता जुन्या फायलींतली पेटी आणि ढोलकी या सुराला चालणार नव्हत्या. सोमनाथला फोन गेला. सोमनाथ देवगाव रंगारीत शेती बघत होता, सत्तरीला टेकला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तो ढोलकी मांडीवर घेऊन हजर. आल्या आल्या त्यानं मनकर्णाबाईला एवढंच विचारलं की वहिनी, खरंच का? ती म्हणाली, भाऊजी, आधी चहा घ्या, मग सांगते.

स्वयंपाकघराच्या भिंतींना पुन्हा गोधड्या लागल्या. सकाळी गल्लीत कबुतरं, भाजीवाले, रिक्षा. दुपारी दोनला गल्ली निजते म्हणून दोनची वेळ धरली. बाहेर एक्केचाळीस अंश ऊन. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. आधी पेटी झाली, मग ढोलकी. सोमनाथ घामानं निथळत होता पण ठेका तसूभर हलला नाही. मग मनकर्णाबाई माइकपुढं उभी राहिली. पदरानं कपाळ पुसलं, हेडफोन सारखे केले.

पूर्वी हे गाणं ती मान ताठ करून, साऱ्या गावाला ऐकवल्यासारखं म्हणायची. आता तिनं ते सावकाश म्हटलं, समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगावं तसं. तिसऱ्या कडव्यात लेक शाळेतून पुढं पुढं जाते, नदीपलीकडं जाते, आणि आई म्हणते, शिवण तपासून बघ, टिकली का गं. गाणं जुळवलं तेव्हा तो नुसता प्रास होता. आता ती लेक खरोखरच सातासमुद्रापार होती. सोमनाथ दाराशी बसून गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होता. सखारामच्या डोळ्यांतलं पाणी घामात मिसळून गेलं, त्यामुळं पुसायची गरज पडली नाही.

तीनदा गाऊन झालं. तिनं दुसऱ्यांदा गायलेलं ठेवायला सांगितलं. कोरस भरायचा नाही, तो डब्लिनवाले म्हणतील, हेही तिनंच ठरवलं.

या वेळी सखाराम एकेक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकूनच उठला. तीनच फायली होत्या, दीडशे एमबीसुद्धा नाही. मोबाइलच्या नेटवर त्यानं त्या घरूनच चढवल्या, आधी कुलूप काढलं, मग लिंक पाठवली, आणि कुणाला काही विचारलं नाही. पावणेसहाला विशाखाचा एका ओळीचा निरोप आला, की ऐकलं. तासाभरानं फोन आला, तो सरळ आईलाच. दोघी काय बोलल्या ते सखारामला कळलं नाही, कारण मनकर्णाबाई फोन घेऊन गच्चीवर गेली होती.

जयंतीच्या आधीच्या शनिवारी, तिकडच्या दुपारी दोनला कार्यक्रम होता. म्हणजे इकडं संध्याकाळचे साडेसहा. सोमनाथ पुन्हा आला होता. रत्नमालानं दुकान लवकर बंद करून येताना एक वायर आणली आणि विशाखाचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावून दिला. बाहेर चौकात जयंतीच्या कमानी उभ्या राहात होत्या, निळ्या पताका लागत होत्या. टीव्हीत सभागृह दिसलं, भरलेलं. मंचावर फोटो, फुलं, आणि निळे स्कार्फ घातलेली पंचवीस माणसं. विशाखा कडेला उभी, पांढऱ्या साडीत.

सात गाणी झाली. आठव्याला तिथल्या साउंडवाल्यानं आधी नुसता मनकर्णाबाईचा आवाज सोडला. दिवे मंद झाले आणि तो जाड, सावकाश आवाज एवढ्या मोठ्या सभागृहात एकटा चालत गेला. दुसऱ्या ओळीला पेटी आली. तिसरीला ढोलकी. आणि धृपदाला पंचवीस गळे एकदम उठले. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांचा एक आयरिश म्हातारा गुडघ्यावर ठेका धरत होता, पण चुकीचा. सोमनाथला राहवेना, तो इकडं टीव्हीपुढं बसून मांडीवर बरोबर ठेका देऊन त्याला दाखवू लागला. रत्नमाला हसू दाबत होती. मनकर्णाबाई मात्र अजिबात हलली नाही. पडद्यातल्या त्या पंचवीस तोंडांकडं ती एकटक बघत राहिली, ओठ हलवत.

गाणं संपलं तेव्हा सभागृह उभं राहिलं. विशाखानं फोन लोकांकडं फिरवला आणि ते सगळे टीव्हीतून मनकर्णाबाईकडं बघून टाळ्या वाजवू लागले. तिनं उठून दोन्ही हात जोडले आणि 'जय भीम' म्हटलं. तिकडून मोडक्यातोडक्या उच्चारांत दोनशे माणसांचं उत्तर आलं.

चार दिवसांनी विशाखानं एक लिंक पाठवली. सभागृहातल्या आठही गाण्यांचं पक्कं रेकॉर्डिंग, सव्वा जीबी. आजवर सगळं इकडून तिकडं गेलं होतं. तिकडून इकडं आलेलं हे पहिलंच. सखारामनं सकाळी नेट ताजं असताना ते उतरवायला लावलं आणि मनकर्णाबाईला शेजारी बसवून घेतलं. उतरल्यावर त्यानं शेवटचं गाणं लावलं.

तिनं डोळे मिटून ऐकलं. एकदा, मग पुन्हा. सखाराम तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. आता ती काय म्हणते याची त्याला कोण उत्सुकता.

"निल्या म्हणतायत," ती म्हणाली.

"काय?"

"निळ्या म्हणंनात. निल्या दोऱ्याची. ती जाड आवाजाची बाई तर सरळ निला म्हणतीय. जीभ टाळूला लावतच नायत."

तिनं फोन उचलला आणि विशाखाला विचारलं की त्या सगळ्या बुधवारी किती वाजता जमतात. साडेपाच म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा, हे ऐकून ती म्हणाली की दहा लई उशीर होतो, रविवारी सकाळी जमा म्हणावं. मग तिनं पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि सखारामला पेटी काळी दोनवर धरायला सांगितली.